विमान-अवकाश अभियांत्रिकी आणि दलित विद्यार्थी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि वस्तीवस्तीतल्या मुलांच्या तोंडी 'इस्रो' हा शब्द आला. वसतिगृहातला दहावीचा विद्यार्थी आज सहज म्हणतो, "सर, मला विमानाचा इंजिनीयर व्हायचे आहे." मुलाला असे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी चंद्राकडे बोट दाखवावे यात परिवर्तनाची खूण आहेच. परंतु स्वप्न आणि प्रवेशअर्ज यांच्यामध्ये एक लांब वाट असते. ती वाट कोण दाखवणार?

प्रस्थापित घरात ही वाट दाखवणारा काका असतो, मामा असतो, नाही तर शेजारच्या बंगल्यातला निवृत्त अधिकारी असतो. आपल्या घरात असा कोणी नसतो. तेथे शिक्षक असतो, नाही तर चळवळीतला कार्यकर्ता असतो. त्या दोघांनाही माहिती नसेल तर ती रिकामी जागा खासगी महाविद्यालयाची रंगीत जाहिरात भरून काढते. जाहिरातीत विमान असते, पांढरा गणवेश असतो, पगाराचा आकडा असतो. बाप शेत गहाण टाकतो, आई पतसंस्थेचे कर्ज काढते, आणि चार वर्षांनी 'एरोनॉटिकल'ची पदवी घेतलेला मुलगा एखाद्या कॉल सेंटरच्या रांगेत उभा असतो. हे टाळता येण्यासारखे आहे. या क्षेत्रात शिरण्याचे दरवाजे अनेक आहेत, आणि त्यांतला सर्वांत झगमगता दरवाजाच आपल्या मुलांना सर्वांत महाग पडतो, एवढे नीट समजून घेतले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

हे क्षेत्र म्हणजे काय?

वातावरणात उडणाऱ्या यंत्रांची विद्या ती विमान अभियांत्रिकी आणि वातावरणाबाहेर जाणाऱ्या यंत्रांची विद्या ती अवकाश अभियांत्रिकी. दोन्ही मिळून 'एरोस्पेस' हा शब्द रूढ झाला आहे. तिच्या पोटात अनेक विद्या आहेत. पंखावरून वाहणारी हवा विमानाला कशी उचलते, हे वायुगतिशास्त्र सांगते. सांगाडा हलका राहून भार कसा सोसेल, हा रचनेचा प्रश्न. जेट इंजिन किंवा रॉकेटचे इंजिन जोर कसा निर्माण करते, हे प्रणोदन. विमान डळमळू नये, उपग्रहाचे तोंड योग्य दिशेला राहावे, हे नियंत्रणशास्त्राचे काम. शिवाय धातू, तंतुमिश्रित पदार्थ, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि संगणकाच्या आज्ञावली आहेतच.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विमान किंवा रॉकेट बनवणाऱ्या संस्थेत 'एरोस्पेस' नावाची पदवी असलेले लोक संख्येने थोडेच असतात. बाकीचे यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिकी, संगणक, विद्युत, धातुशास्त्र आणि रसायन या शाखांतून आलेले असतात. इस्रोच्या केंद्रीय भरतीत अभियंत्यांच्या जागा मुख्यतः यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक याच शाखांना असतात. म्हणजे इस्रोत जायचे म्हणून बारावीनंतर कसेही करून 'एरोनॉटिकल'च घेतले पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. जाहिराती याच समजुतीवर जगतात.

दुसरी गोष्ट. हे केवळ डोक्याचे काम नाही. विमानाच्या पत्र्यात हजारो रिव्हेट बसवावे लागतात. प्रत्येक छिद्र ठरल्या मापाचे, प्रत्येक पेच ठरल्या ताकदीने आवळलेला असावा लागतो. वेल्डिंगमधली केसाएवढी भेग रॉकेट फोडू शकते. आपल्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला खाली आणि पोथी वाचणाऱ्याला वर बसवले, हात आणि डोके यांची फारकत केली. विमान ही फारकत मानत नाही. तेथे आराखडा काढणारा आणि जोडणी करणारा या दोघांपैकी एकजण चुकला तरी परिणाम सारखाच होतो. म्हणून या क्षेत्रात फिटरच्या कामाला जी प्रतिष्ठा असायला हवी, ती आपण आधी आपल्या मनात दिली पाहिजे.

बाबासाहेबांच्या मागणीतले दोन मार्ग

तांत्रिक शिक्षणाचा हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात शिक्षणाच्या दोन वेगवेगळ्या मागण्या होत्या. एक, विद्यापीठांत आणि परदेशात विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्त्या. दोन, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांमध्ये आपल्या मुलांना उमेदवारीची संधी. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज वर येणार नाही, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिच्या मागे हीच दृष्टी होती.

निवेदनाच्या या रचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. बाबासाहेबांनी विद्यापीठ आणि कारखाना यांपैकी एकाची निवड केली नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी मागितले. पुढच्या काळात काय झाले? खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी येथील ऑर्डनन्स कारखाने आणि डेपो, रेल्वेचे वर्कशॉप, नाशिकजवळचा ओझरचा विमान कारखाना यांत आपली माणसे लागली. त्यांच्या पगारावर एक पिढी शिकली, आणि त्यांतूनच लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते निघाले. तरी शिकलेल्या पिढीने मुलांना पुढे काय सांगितले? बी.ए. कर, डी.एड. कर, स्पर्धा परीक्षा दे. तंत्रविद्येची वाट अर्धवटच राहिली. विमान-अवकाश क्षेत्राकडे पाहताना हे दोन्ही मार्ग पुन्हा उघडून पाहिले पाहिजेत.

पहिला मार्ग : कारखान्याचा

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे नेहमीचे व्यवसाय या क्षेत्राला लागतातच. त्याखेरीज विमानाचा सांगाडा आणि उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये तो दासो या फ्रेंच विमानकंपनीच्या साहाय्याने सुरू झाला, कारण मिहान प्रकल्पात तिच्या विमानांचे सुटे भाग बनतात.

आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये उमेदवारी करावी. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझरचा कारखाना असे उमेदवार घेतो. १९६४ साली मिग विमानांच्या बांधणीसाठी हा विभाग उभा राहिला. पुढे तेथे सुखोई-३० बांधले गेले. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलातून निवृत्त झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओझरला तेजस मार्क-१ए या विमानाची नवी जोडणीमाळ सुरू झाली. वायुदलाने या जातीची आधी ८३ आणि नंतर ९७ विमाने मागवली आहेत. म्हणजे काम काही वर्षे पुरेल एवढे आहे.

इस्रोतही हा दरवाजा आहे. दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी तेथे 'टेक्निशियन-बी' हे पद असते. त्याचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार २१,७०० रुपयांपासून सुरू होते. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका प्रथम वर्गात मिळवणाऱ्यांसाठी 'टेक्निकल असिस्टंट' हे पद आहे. त्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. महागाईभत्ता आणि घरभाडे वेगळे. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिकी घेतलेला मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षी या पदाला अर्ज करू शकतो. घरी कमावते माणूस एकच असेल तर ही वाट फार मोलाची. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळतो. तेव्हा या मार्गावरून वर चढण्याची वाट बंद होत नाही.

कारखान्याच्या मार्गावर आणखी एक व्यवसाय आहे, तो म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा. हा पदवीधर नसतो, परवानाधारक असतो. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यायचे, महासंचालनालयाच्या परीक्षा द्यायच्या, प्रत्यक्ष कामाचा अनुभव पुरा करायचा, मग परवाना मिळतो. बी-१ हा परवाना सांगाडा व इंजिनासाठी, बी-२ हा इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी. दुरुस्तीनंतर विमान उडण्यास योग्य आहे, असे लिहून खाली सही करण्याचा अधिकार या माणसाला असतो. त्याच्या सहीवाचून विमान धावपट्टीवर जात नाही. आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, नातवाच्या सहीवर दीडशे माणसे आकाशात जातील. या बदलाचे मोल पगारात मोजता येणार नाही.

परंतु येथेच फसवणूकही फार आहे. शुल्क लाखांच्या घरात असते, परीक्षा इंग्रजीत असतात, आणि कित्येक मुले विषय सुटत नाहीत म्हणून परवान्याविना राहतात. संस्थेची मान्यता चालू आहे काय, प्रत्यक्ष विमानावरचे काम ती कोठे करवून घेते आणि तिच्या किती मुलांना परवाना मिळाला, हे तीन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

दुसरा मार्ग : पदवीचा

पदवीच्या मार्गावर सर्वांत वरची दारे म्हणजे आयआयटी आणि तिरुअनंतपुरमची भारतीय अंतरिक्ष विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील आयआयटींत एरोस्पेसचे स्वतंत्र विभाग आहेत. तिरुअनंतपुरमची संस्था अवकाश विभागाने २००७ साली काढली. तिच्यात ठरावीक गुण राखणाऱ्या विद्यार्थ्यांना जागा असतील त्याप्रमाणे इस्रोत घेतले जाते. दोन्हीकडे प्रवेश जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेवर आणि दोन्हीकडे अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत. २०१६ पासून आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. राखीव जागा भरल्या नाहीत तर थोडे कमी गुण पडलेल्यांना एक वर्षाच्या पूर्वतयारी वर्गात घेऊन पुढच्या वर्षी प्रवेश देण्याची सोयही आहे. ही सोय आपल्या किती शिक्षकांना ठाऊक आहे?

ज्याला तेथे प्रवेश मिळाला नाही त्याने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. कोठल्या तरी खासगी महाविद्यालयात कर्ज काढून 'एरोनॉटिकल' करण्यापेक्षा सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिकी किंवा संगणक घ्यावे. विमानाच्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत तरी या शाखांना दुसरी दारे असतात. एरोनॉटिकलच्या मुलाला, निदान आपल्या देशात, ती फार थोडी. खरी ओढ असेल तर पुढे 'गेट' परीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एम.टेक. करता येते. गेटला अर्जाचे शुल्क आपल्या मुलांना सवलतीत आहे, पात्रतेची गुणरेषा खुल्या गटाच्या दोन-तृतीयांश आहे, आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. संरक्षण संशोधन संस्थेत 'सायंटिस्ट-बी' या पदासाठी गेटचे गुण पाहतात. इस्रोनेही भरतीसाठी कधी स्वतःची लेखी परीक्षा घेतली आहे, कधी गेटचे गुण मागितले आहेत.

आता एका अटीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. इस्रोत अभियंत्याची पहिली श्रेणी 'सायंटिस्ट/इंजिनीयर-एससी' या नावाची आहे. या 'एससी'चा अनुसूचित जातीशी काही संबंध नाही, ते श्रेणीचे नाव आहे. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. या पदाला पदवीत प्रथम वर्ग आणि सरासरी ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ गुणांक असावा लागतो. अट साधी वाटते. पण ही सरासरी पहिल्या वर्षापासून मोजली जाते. आणि पहिले वर्ष आपल्या मुलांचे कसे जाते? जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अचानक इंग्रजी व्याख्यानासमोर बसतो. शिष्यवृत्ती उशिरा येते, वसतिगृह मिळायला दिवाळी उजाडते, पहिल्या सत्रात गणित राहते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच मुलगा वर्गात पुढे येतो, पण तोवर सरासरी ६१ वर अडकलेली असते. त्याला कोणी नाकारले नाही, कोणी जात विचारली नाही, तरी दार बंद झाले. गुणवत्तेच्या नावाने उभी असलेली अट पहिल्या वर्षीच्या गरिबीची आणि माध्यमाची शिक्षा चौथ्या वर्षी वसूल करते. म्हणून अभियांत्रिकीचे पहिले वर्ष हीच आपल्या मदतीची खरी जागा आहे.

खर्चाबाबत दोन व्यावहारिक गोष्टी. शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावर उत्पन्न असलेल्यांसाठी शुल्कमाफीची वेगळी योजना आहे. परंतु प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला की हा आधार सुटतो. आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्यावे. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून पुष्कळ मुलांच्या जागा गेल्या आहेत.

राखीव जागा कोठे आहेत आणि कोठे नाहीत

येथे भावनेपेक्षा नियम पाहणे बरे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स, इस्रो, संरक्षण संशोधन संस्था या सरकारी आस्थापना आहेत. थेट भरतीत तेथे राखीव जागा असतात, वयात पाच वर्षांची सवलत मिळते. पण केंद्र शासनाच्या २३ जून १९७५ च्या आदेशाने संशोधन करणाऱ्या किंवा संशोधनाचे मार्गदर्शन करणाऱ्या वैज्ञानिक व तांत्रिक पदांना, 'अ' गटाच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर, आरक्षणातून सूट दिली आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर आरक्षण, पुढच्या पायऱ्यांवर नाही. जेथे निर्णय होतात, प्रकल्प ठरतात, माणसे निवडली जातात तेथे आपली माणसे पोहोचली की नाही, हे विचारण्याची कायदेशीर जागाच उरत नाही. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था आरक्षण कायद्यातही काही संस्था वगळल्या आहेत. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, तिरुअनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा आणि डेहराडूनची दूरसंवेदन संस्था या तिन्ही अवकाश विभागाच्या संस्था त्या यादीत आहेत.

उच्च विज्ञानाला आरक्षण मानवत नाही, असा युक्तिवाद यामागे आहे. रॉकेट जात पाहत नाही, असे म्हणतात. बरोबर आहे, रॉकेट पाहत नाही. निवड समिती मात्र माणसांची असते. त्या समितीच्या टेबलाभोवती एकाच थरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसत आली असतील तर त्या निवडीला केवळ गुणवत्ता कसे म्हणावे?

जमिनीचा प्रश्न आला की जात आणि गरिबी बरोबर दिसते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले, ते कोळ्यांच्या गावातून. श्रीहरिकोटा हे यानादी आदिवासींचे बेट. मिगची इंजिने बनवणारा कारखाना ओरिसात कोरापूटला, आदिवासी मुलखात उभा राहिला. देशाच्या आकाशासाठी जमीन कोणी दिली आणि आराखड्याच्या खोलीत कोण बसले, हे दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत.

याहून मोठा बदल आज घडतो आहे. सरकारी दरवाजाच अरुंद होतो आहे. २०२० साली अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या खासगी कंपनीचे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. ऑर्डनन्स कारखान्यांच्या २०२१ साली सात कंपन्या झाल्या. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. बडोद्याला टाटा आणि एअरबस मिळून वायुदलासाठी मालवाहू विमाने बांधत आहेत. सरकारी कंपन्यांतही कायम नेमणुकीऐवजी चार वर्षांच्या मुदतीची भरती दिसू लागली आहे. विक्रोळीला गोदरेज इस्रोच्या इंजिनांचे भाग बनवते, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची आवरणे बनतात. हे काम आपल्या महाराष्ट्रातच आहे, वाढतेही आहे, पण खासगी उद्योगात आरक्षण नाही. ज्या क्षणी आपली मुले या विद्येच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचत आहेत, त्याच क्षणी नोकरी संविधानाच्या कक्षेबाहेर सरकते आहे.

यातून दोन निष्कर्ष निघतात. विद्यार्थ्यासाठी निष्कर्ष असा की, सरकारी भरती असेपर्यंत ती पहिल्या प्रयत्नाची जागा मानावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. संगणकावर आराखडा काढणे, यंत्रांना आज्ञावली देणे, वेल्डिंगची तपासणी यांपैकी एखादे कसब हातात पक्के असावे, म्हणजे खासगी दारही ठोठावता येईल. चळवळीसाठी निष्कर्ष असा की, सरकारी पैशावर आणि सरकारी मागणीवर चालणाऱ्या खासगी कारखान्यांनी आपल्या नोकरभरतीचा सामाजिक हिशेब द्यावा, ही मागणी आता टाळता येणार नाही.

परदेशाची वाट

अमेरिकेला जाऊन नासात काम करायचे, असेही मुले म्हणतात. येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत रॉकेट, क्षेपणास्त्रे आणि लष्करी विमाने यांचे तंत्रज्ञान शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली येते. त्यामुळे तेथील बहुसंख्य अवकाश व संरक्षण कंपन्या नागरिकांना किंवा कायम रहिवाशांनाच नोकरी देतात. विद्यार्थी म्हणून शिकता येते, पण शिकून झाल्यावर त्या नोकरीचे दार परक्या नागरिकाला बहुधा बंद असते. चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढून केवळ या आशेवर जाणे आपल्या घरांना परवडणारे नाही. जायचेच तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती किंवा महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून जावे, आणि साहित्यविज्ञान, नियंत्रण, संगणकीय प्रवाहशास्त्र असा विषय निवडावा, ज्याला विमानाबाहेरही मागणी आहे.

आपले काम

कार्यकर्ते आणि शिक्षक यांनी काय करावे? मोठे काही नको, चार कामे पुरेत.

एक, आठवी-नववीत गणित आणि विज्ञान सोडू देऊ नये. वस्तीच्या विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताचा वर्ग चालवला, तरी या दोन्ही मार्गांची पहिली पायरी तयार होते.

दोन, प्रत्येक तालुक्यात एका माणसाने भरतीच्या जाहिराती वाचण्याचे काम अंगावर घ्यावे. इस्रो, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, संरक्षण संशोधन संस्था यांच्या जाहिराती येतात आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतात. राखीव जागा रिकामी राहिली की 'उमेदवार मिळाले नाहीत' असा शेरा लागतो, आणि तो शेरा पुढे आपल्याच विरुद्ध वापरला जातो.

तीन, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना त्याच महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातल्या आपल्या विद्यार्थ्यांशी जोडून द्यावे. जुन्या टिपणवह्या, इंग्रजी संज्ञांचे मराठीत स्पष्टीकरण, शिष्यवृत्तीचा अर्ज, एवढी मदत मिळाली तर सरासरीचे ते पाच-सहा टक्के वाचतात.

चार, मुलींना या मार्गावरून बाजूला करू नये. तंत्रनिकेतनात मुलगी यांत्रिकी शाखा मागते तेव्हा घरातूनच तिला नर्सिंग नाही तर डी.एड. सुचवले जाते. आपणच जर मुलीचा हात यंत्रापासून दूर ठेवला तर मनूला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कसा राहील?

शेवटी, या क्षेत्रात सगळ्यांना नोकरी मिळेल असे आश्वासन देणे खोटेपणाचे होईल. जागा थोड्या आहेत आणि स्पर्धा तीव्र आहे. पण गणित, यंत्र आणि हाताचे कसब या तीन गोष्टी पदरात पडल्या तर विमान नाही मिळाले तरी पोट भरण्याची आणि मान वर ठेवून जगण्याची सोय होते. एखाद्या मुलाने 'विमानाचा इंजिनीयर व्हायचे आहे' म्हटले, तर त्याला हसू नये आणि फसवूही नये. त्याचे गणिताचे गुण विचारावेत, घरची परिस्थिती विचारावी, आणि दोन मार्गांपैकी कोणत्या मार्गाची पहिली पायरी त्याच्या पायाजवळ आहे ते त्याच्याबरोबर बसून पाहावे.